तपासी अंमलदारच लाच घेताना सापडला, तर त्याने केलेल्या तपासांचं पुढे काय होतं?

घोडबंदर_वाचक
'उपनिरीक्षक एसीबीच्या (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या) जाळ्यात' ही बातमी ठाणे-नवी मुंबईच्या पानावर अधूनमधून असतेच. अटक, निलंबन, कोठडी, की बातमी संपली. पण त्याच माणसाकडे त्या दिवशी कितीतरी गुन्ह्यांचे तपास असतात, काही खटल्यांत त्याची साक्ष व्हायची असते, काहींत त्याच्या साक्षीवर माणसं आत गेलेली असतात. त्या सगळ्याचं काय? आरोपी सुटतात का? फिर्यादीने काय करायचं? इथे कोर्टातली आणि कायद्यातली जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय. स्वतःच्या केसची रडगाणी नकोत, पोलीस ठाण्यांची नावंही नकोत. कागद काय सांगतो तेवढं लिहा.

कोर्टनाका
आपोआप काहीही होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. अर्ध्या लोकांना वाटतं अधिकारी भ्रष्ट निघाला म्हणजे खटला रद्द. तसा कायदा आपल्याकडे नाही. १९५४ च्या रिशबुड निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की तपासात बेकायदेशीरपणा झाला एवढ्यावर खटला पडत नाही, त्यामुळे आरोपीवर खरोखर अन्याय झाला हे दिसावं लागतं. झडती नियमबाह्य असली तरी सापडलेली वस्तू पुराव्यात येऊ शकते (पूरणमल). आणि कर्नेलसिंग, १९९५: अंमलदाराने तपास मुद्दाम कच्चा ठेवला आणि त्याच कारणाने कोर्टाने आरोपी सोडला, तर अंमलदाराला हवं तेच झालं.

त्यामुळे प्रश्न 'अधिकारी कसा आहे' हा नाही. कोणता पुरावा एकट्या त्याच्या शब्दावर उभा आहे, हा आहे.

दोषारोपपत्र पुढ्यात घ्या, पेन्सिल घ्या, आणि प्रत्येक कागदावर एकच खूण करा: हा कागद या अंमलदाराशिवाय दुसरं कोणी कोर्टात सिद्ध करू शकतं का? फिर्याद फिर्यादीची असते. जखमांचा दाखला आणि शवविच्छेदन डॉक्टरचं. सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, मोबाइल कंपनीचा नोडल ऑफिसर सिद्ध करतो. दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब (जुनं कलम १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८३) दंडाधिकाऱ्याने नोंदवलेला असतो. हे सगळं सहसा टिकतं.

हलतं ते पुढचं. निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीने 'मी चाकू काढून देतो' म्हटलं आणि खाडीच्या झुडपातून काढून दिला, तो. घरझडती. अंगझडती. पोलिसांपुढचे जबाब (१६१, आता १८०), ज्यांवर साक्षीदाराची सही नसतेच. आणि ओळख परेड. ती घेतो नायब तहसीलदार, पण आरोपी आधी ठाण्यात साक्षीदाराला दाखवला होता की नाही, हे अंमलदाराच्याच हातात असतं. परेडच्या पंचनाम्यात आरोपी बुरख्यात आणल्याची नोंद आहे का, अटक आणि परेड यांत किती दिवस गेले, हे आधी पाहा.

पारसिक
+१. एक भर. पंच कोण आहेत ते बघाच. ठाण्याच्या दारातला चहावाला, तोच झेरॉक्सवाला पाच गुन्ह्यांत पंच असेल तर उलटतपासणीत तो पंधरा मिनिटं टिकत नाही. पंचांची नावं ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या संकेतस्थळावर) सापडत नाहीत, त्यासाठी त्याच ठाण्याच्या इतर खटल्यांतल्या साक्षी आणि निकालपत्रं वाचावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण फळ तिथेच मिळतं.

मुद्देमाल
अमली पदार्थांच्या (एनडीपीएस कायद्याच्या) खटल्यांवर सविस्तर लिहितो, कारण भ्रष्टाचाराचा थेट परिणाम तिथे ग्रॅममध्ये मोजता येतो.

मेफेड्रॉन, म्हणजे एमडी. २ ग्रॅमपर्यंत अल्प, ५० ग्रॅमपासून व्यावसायिक प्रमाण. व्यावसायिक झालं की किमान १० वर्षं, कमाल २०, शिवाय कलम ३७, म्हणजे जामीन जवळपास बंद. मधल्या प्रमाणात कमाल १० वर्षं, किमान काहीच नाही, ३७ लागत नाही. आता समजा पिशवीत ६२ ग्रॅम होतं आणि पंचनाम्यात ४८ आलं. चौदा ग्रॅम गेले कुठे हा एक प्रश्न. त्या चौदा ग्रॅमने आरोपीचा जामीन झाला हा दुसरा. उलट दिशेलाही हेच: ४८ चे ५३ करायला फार काही लागत नाही. दोन्ही बाजूंनी लाचेचा दर ठरतो तो या ५० च्या रेघेवर.

पकडायचं कसं? वजन एका ठिकाणी लिहिलेलं नसतं, निदान पाच ठिकाणी असतं: जप्ती पंचनामा, मुद्देमाल नोंदवही, कलम ५२-अ खाली दंडाधिकाऱ्यापुढे केलेली यादी, प्रयोगशाळेला पाठवलेलं पत्र, आणि कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून आलेला सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट. पाचही आकडे शेजारी शेजारी लिहा. २०२२ च्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे, दोन संच, गांजा-चरस-अफूचे २४ ग्रॅम, बाकी बहुतेकांचे ५ ग्रॅम. नमुना ५ ग्रॅमचा आणि सीए रिपोर्टात पाकिटासह ३.८ ग्रॅम असं आलं, तर सरकार पक्षाने उत्तर द्यायचं.

त्यानंतर सील. पंचनाम्यात लाखेवर कोणता ठसा, पितळी सील नंतर कोणाच्या ताब्यात, आणि सीए रिपोर्टात 'सील शाबूत, नमुना ठशाशी जुळतं' लिहिलंय का. सील ज्याच्याकडे आणि मुद्देमालही त्याच्याकडेच, तर सील असून नसल्यासारखं. नमुना कलिन्याला घेऊन जाणारा हवालदार, त्याची जावक नोंद, प्रयोगशाळेची पोच. जावक सोमवारची आणि पोच गुरुवारची असेल तर मधले दिवस पाकीट कुठे होतं? इथेच खटले फुटतात.

पण लगेच उड्या मारू नका. ५२-अ पाळलं नाही एवढ्यावर सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबाळे प्रकरणात सांगितलंय. बाकी पुरावा विश्वासार्ह असेल तर शिक्षा टिकते. कोर्टनाका साहेबांचा मुद्दा इथेही तोच.

खारफुटी
मग २०१८ चा मोहनलाल निकाल? फिर्यादी आणि तपासी अंमलदार एकच असेल तर आरोपी सुटतो म्हणतात.

मुद्देमाल
तो गेला. ३१ ऑगस्ट २०२० ला मुकेशसिंग प्रकरणात घटनापीठाने बदलला. आता पक्षपात झाला हे त्या त्या खटल्यात दाखवावं लागतं. व्हॉट्सॲपवर अजून मोहनलाल फिरतोय, त्यावर विसंबू नका. खरी जरब एनडीपीएसच्या कलम ५९ मध्ये आहे: अंमलदाराने संगनमत केलं तर किमान १० वर्षं. वापरतं कोण हा भाग वेगळा.

खारफुटी
तेच म्हणतोय. वापरतं कोण? गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई, जानेवारी २०१४: प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर तपासात चूक कोणाची ते शोधा, जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाई करा, सगळ्या राज्यांना आदेश. आढावा होतो तो असा की आकडा वर पाठवतात, माणूस सापडत नाही. भ्रष्ट माणूस सापडतो तो एसीबीच्या सापळ्यात, तेही चालू व्यवहारात. त्याने मागे काय काय विकलं याचा हिशेब कोणी काढत नाही.

कोर्टनाका
खारफुटी, तक्रार रास्त आहे. अमेरिकेत निदान तो हिशेब निघतो. लॉस एंजेलिसच्या रॅम्पार्ट या पोलीस भ्रष्टाचाराच्या प्रकरणात शंभरावर शिक्षा रद्द झाल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये एका प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईने नमुने न तपासताच अहवाल दिले, तर २०१७ मध्ये २१ हजारांहून अधिक ड्रग्ज खटले निकाली काढावे लागले. तिथे १९६३ च्या ब्रॅडी निकालामुळे साक्षीदार पोलिसाची विश्वासार्हता धोक्यात आणणारी माहिती सरकारी वकिलाने स्वतःहून बचावाला द्यावी लागते. आपल्याकडे असं बंधन त्या रूपात नाही. बचावाला स्वतः खणून काढावं लागतं.

खणून काढलं तरी वापरायचं कसं, ते नीट समजून घ्या. इथे नवे वकीलही चुकतात.

अंमलदार साक्षीला उभा आहे. तुम्ही विचारता, 'तुमच्यावर लाचेचा गुन्हा दाखल आहे, खरं का?' प्रश्न चालतो: साक्षीदाराच्या चारित्र्यावर घाला घालून विश्वासार्हता हलवायची मुभा साक्ष्य अधिनियमाचं कलम १४९ (जुन्या पुरावा कायद्याचं १४६) देतं. तो 'खोटं आहे' म्हणाला तर? कलम १५६ (जुनं १५३) सांगतं की निव्वळ विश्वासार्हतेच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर खोडायला वेगळा पुरावा आणता येत नाही. अपवाद दोनच. एक, त्याला आधी शिक्षा झालेली असेल आणि ती तो नाकारत असेल. दोन, प्रश्न त्याच्या निःपक्षपातीपणावर असेल आणि तो नाकारत असेल.

म्हणजे दुसऱ्याच कोणाकडून, दुसऱ्याच गुन्ह्यात पैसे घेतल्याचा नुसता एफआयआर असेल, तर त्याच्या 'नाही'वर बऱ्याचदा थांबावं लागतं. पण पैसे याच खटल्यात, याच आरोपीच्या विरोधकाकडून मागितले असतील, तर तो पक्षपाताचा मुद्दा झाला आणि पुरावा आणता येतो. साक्ष देण्यासाठीच लाच घेतली असेल तर कलम १५८ (जुनं १५५) आहेच. लाचेचा व्यवहार आणि तुमचा खटला यांच्यात दोरा दाखवता आला पाहिजे. तो नसेल तर 'हा भ्रष्ट आहे' एवढं ओरडलं तर न्यायाधीश फक्त घड्याळाकडे बघतात.

एक तांत्रिक गोष्ट: नवे कायदे लागू झाले त्या १ जुलै २०२४ ला जे खटले आधीच चालू होते, त्यांना जुना पुरावा कायदाच लागू. कलमांचे आकडे अर्जात मिसळू नका.

सीवूड्स_शमा
सगळे आरोपीच्या बाजूनेच लिहिताय. पैसे घेऊन आरोपीला वाचवलं, ही जास्त नेहमीची तऱ्हा आहे. तिथे बळी जातो फिर्यादी.

वाचवणं ओरडून होत नाही. गंभीर कलम फिर्यादीतून गळतं. हत्याराचं वर्णन 'लाकडी दांडका' होतं, कोयत्याचा उल्लेख जखमेच्या दाखल्यात राहतो पण जबाबात नसतो. शेजारच्या सोसायटीचं सीसीटीव्ही महिनाभराने मागितलं जातं, तोवर डीव्हीआरने स्वतःवरच पुन्हा रेकॉर्ड केलेलं असतं. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत जात नाही, एकसष्टाव्या दिवशी सकाळी आरोपीचा वकील अर्ज घेऊन उभा, आणि जामीन हक्काने मिळतो. किंवा सरळ समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल: 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, 'ब' म्हणजे फिर्याद खोटी, 'क' म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, दिवाणी वाद वगैरे. पैसे खाल्लेल्या प्रकरणात 'क' सगळ्यात सोयीची, कारण तीत कोणावर ठपका येत नाही.

समरीची नोटीस फिर्यादीला आलीच पाहिजे आणि तिला विरोध करायचा हक्क आहे. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं, असं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) मध्ये आहे. ते पत्र आलं नाही तर लेखी मागा, पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि आवक क्रमांक; 'साहेबांना दिलं' याला अर्थ नाही.

अंमलदार सापळ्यात सापडला की फिर्यादीने थांबू नये. तपास दुसऱ्याकडे जातो, नवा माणूस जुनं बाड पुढे ढकलतो. तेव्हाच, आरोप निश्चित व्हायच्या आत, पुढील तपासाचा अर्ज दंडाधिकाऱ्याकडे द्यायचा (१७३(८), आता १९३(९)). २०१९ च्या विनुभाई मालवीय निकालानुसार खटला सुरू होईपर्यंत दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतात. खटला सुरू झाल्यावर कोर्टाची परवानगी आणि ९० दिवसांची मुदत, वाढवून मिळू शकते.

अर्जात 'तपास नीट झाला नाही' असं मोघम लिहिलं तर फेटाळला जातो. नेमकं लिहा: अमुक साक्षीदार घटनास्थळी होता, त्याचा जबाब नाही. अमुक नंबरचा सीडीआर मागवला नाही. दाखल्यात धारदार शस्त्राची जखम, जप्ती दांडक्याची. तीन-चार असे मुद्दे आणि प्रत्येकासमोर पान क्रमांक.

घाई सीडीआरसाठी करा. मोबाइल कंपन्यांना किमान दोन वर्षं तो ठेवावा लागतो (डिसेंबर २०२१ पासून, आधी एकच वर्ष होतं). त्यानंतर गेला तो गेला.

घोडबंदर_वाचक
शमाताई, पुढील तपास आणि फेरतपास एकच ना?

सीवूड्स_शमा
नाही. पुढील तपासात जुना अहवाल राहतो, त्यात भर पडते. फेरतपास किंवा नव्याने तपास म्हणजे जुनं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून, आणि तो आदेश फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय देतं (विनय त्यागी निकाल). तपासच विकला गेला होता असं दिसत असेल तर संहितेच्या कलम ५२८ किंवा घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबईला जावं लागतं. बाबूभाई विरुद्ध गुजरात, २०१० मध्ये कलुषित तपास बाजूला सारून नव्याने करायला लावला होता. पण असे आदेश क्वचित.

पारसिक
आपल्याच परिसरातलं उदाहरण म्हणून लखनभैया प्रकरण वाचा. ११ नोव्हेंबर २००६ ला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैयाला वाशीतून उचललं, आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत मेल्याचं दाखवलं. पोलिसांचे कागद एकमेकांशी जुळणारे होते, कारण लिहिणारे तेच. कागद फुटले ते बाहेरच्या नोंदींवर: त्याला उचलल्याचं समजताच घरच्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स केले होते, चकमकीची वेळ दाखवली त्याच्या आधी. तारेवरची वेळ कोणत्याही ठाण्याला बदलता येत नव्हती.

त्याच्यासोबत उचललेला मुख्य साक्षीदार मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या तोंडावर, गायब झाला आणि मृत आढळला. तरी २०१३ मध्ये तेरा पोलिसांना शिक्षा झाली. माजी अधिकारी प्रदीप शर्मा तेव्हा सुटले होते, ती सुटका उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ ला फिरवून जन्मठेप दिली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आजच्या काळात तारेच्या जागी ईमेल, ११२ वरचा कॉल, आयुक्तालयाच्या पोर्टलवरची तक्रार. ज्या नोंदीची वेळ ठाण्याबाहेरच्या यंत्रावर उमटते ती करा.

खारफुटी
अश्विनी बिद्रे खटलाही त्याच रांगेतला. नवी मुंबई पोलिसातली सहायक निरीक्षक एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता, पोलीस निरीक्षकाला अटक डिसेंबर २०१७ मध्ये. संशयित खात्यातलाच असला की पहिले महिने असे जातात. मृतदेह सापडला नाही, आणि २०२५ मध्ये पनवेल कोर्टात जन्मठेप झाली ती परिस्थितिजन्य पुराव्यावर.

बेलापूर_पट्टी
थोडं कागद मिळवण्याबद्दल, कारण वर सगळे 'बघा, वाचा' म्हणताहेत पण मिळतं कुठून?

एसीबीचा एफआयआर: २०१६ च्या यूथ बार असोसिएशन निकालानुसार एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर यायला हवा, संवेदनशील प्रकरणं सोडून. ठाणे आणि नवी मुंबई एसीबीच्या ठाणे परिक्षेत्रात येतात. त्यात मागणीची तारीख आणि कोणत्या कामासाठी मागणी होती हे दोन रकाने महत्त्वाचे. काम तुमच्याच गुन्ह्यातलं असेल तर कोर्टनाका म्हणतात तो दोरा तिथेच मिळाला.

सापळ्याच्या दोषारोपपत्रात पडताळणी पंचनामा असतो: सापळ्याआधी पंच आणि रेकॉर्डर सोबत देऊन मागणी खरी आहे का ते तपासतात. संभाषणात अंमलदार स्वतःच्या तोंडाने गुन्ह्याची स्थिती सांगतो, 'कलम काढून टाकतो', 'नाव घेत नाही'. नोटांवरची अँथ्रासीन पावडर आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारी बोटं बातमीसाठी छान. तुमच्या मूळ खटल्याला उपयोगी पडतं ते हे संभाषण. ते मागवायला कलम ९४ (जुनं ९१) खाली अर्ज; रेकॉर्डिंगसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) आहे का ते बघा.

माहिती अधिकारात तपासाचे कागद मागून वेळ घालवू नका, ८(१)(एच) दाखवून परत पाठवतात. निकालपत्राची प्रमाणित प्रत मात्र कोर्टातून मिळते.

कोर्ट कोणतं, यातही लोक चुकतात. नवी मुंबई आयुक्तालय एक, पण जिल्हे दोन. वाशी-नेरूळचा गुन्हा ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेलचा रायगडमध्ये. अर्ज चुकीच्या इमारतीत गेला की आठवडा गेला.

मुद्देमाल
झडती-जप्तीचं चित्रीकरण विसरलात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली ते आता सक्तीचं आहे आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. चित्रीकरण पंचनाम्याच्या मध्येच सुरू होतं का, वजनकाट्याचा आकडा फ्रेममध्ये आहे का, पिशवी उघडायच्या आधीचा भाग आहे का, हे पाहा. पिशवी उघडलेल्या अवस्थेतच पहिला फ्रेम असेल तर आधीचं सगळं पुन्हा तोंडी पुराव्यावर आलं.

घोडबंदर_वाचक
शेवटचे दोन प्रश्न. शिक्षा होऊन गेली असेल आणि नंतर अंमलदार दोषी ठरला तर? आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही किती दिवस राहतं?

कोर्टनाका
अपील चालू असेल तर त्यातच अतिरिक्त पुराव्याचा अर्ज, ४३२ (जुनं ३९१), आणि सोबत शिक्षा स्थगितीचा, ४३०. अंमलदाराच्या शिक्षेच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडा. नुसत्या अटकेच्या कात्रणाला किंमत नाही. अपील संपलं असेल तर वाट फार अरुंद आहे, उच्च न्यायालयात रिट, आणि तिथे तोच दोरा दाखवावा लागेल. जुन्या शिक्षा आपणहून तपासणारी यंत्रणा आपल्याकडे नाही.

बेलापूर_पट्टी
सीसीटीव्ही: परमवीरसिंग सैनी निकाल, डिसेंबर २०२०. साठवण १८ महिन्यांची, यंत्रात तेवढी जागा नसेल तरी एक वर्षाच्या खाली नाही. अर्ज वरिष्ठ निरीक्षकाला, प्रत आयुक्तालयाला आणि खटल्याच्या कोर्टात. तारीख, वेळेची चौकट आणि कोणता कॅमेरा (प्रवेशद्वार, कोठडी, अंमलदार कक्ष) हे लिहा. सुरुवातीला 'द्या' न म्हणता 'जतन करा' म्हणा. द्यायचं की नाही यावर कोर्ट नंतर ठरवेल. तोवर 'यंत्र बिघडलं होतं' असं उत्तर आलं, तर दुरुस्तीची नोंदवही मागायला मोकळे.